शोकवर्गातली सुखी बाई

बसमध्ये एक बाई सुखी निघाली आणि बिनघोर टूर्सवर आभाळ कोसळलं.

बस साधीसुधी नव्हती. 'अस्थिविसर्जन विशेष : काशी-प्रयाग' अशी पाटी लावून ती सांगलीहून निघाली होती. आतल्या प्रत्येकाच्या मांडीवर घरातलं कुणीतरी होतं, तांब्याच्या कलशात, लाल फडक्याने तोंड बांधलेलं. अशा बसमध्ये कुणी सुखी असणं हा असभ्यपणा तर होताच, पण आता ती करचुकवेगिरीही झाली होती.

"कोण ही बाई?" दिनूकाका गुळवणींनी पडद्यावर बोट आपटलं. बिनघोर टूर्स त्यांची. वडिलांनी एका जीपवर सुरू केलेला धंदा त्यांनी अकरा बसवर नेला होता, आणि आता तो पुन्हा जीपवर येताना त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. "त्र्याऐंशी! अरे, त्र्याऐंशी आपल्याला काश्मीरच्या बागेत मिळत नाहीत. तिथे छप्पन मिळतात, तेही गरम भजी वाटल्यावर. ही काशीत काय करत होती?"

कंपनीचा हिशेबनीस उन्मेष तांबवेकर टेबलापलीकडे उभा होता. घसा खाकरून तो म्हणाला, "अस्थी सोडत होती. आई आहे माझी."

दिनूकाकांनी चष्मा काढला. मग ते म्हणाले, "अभिनंदन."

एक बाई सुखी असल्याने बसकंपनी कशी बुडते, हे सांगायला हवं.

पूर्वी लोक मजा करायचे आणि वहीत काम लिहायचे. सिमेंटचे विक्रेते बँकॉकला जायचे आणि हिशेबात 'परिषद' लागायची. सासुरवाडीला जाऊन आलेला माणूस 'बाजारपेठेचा अभ्यास' म्हणून खर्च वजा करून घ्यायचा. प्रवास कर्तव्याचा की चैनीचा, हे ठरवायचा कर खात्याकडे काही उपाय नव्हता. चैनीवर कर होता, पण चैन कबूल करणारा माणूस जन्माला यायचा होता.

त्याच सुमारास पुण्यात नलिनी वझलवार नावाच्या डॉक्टरबाई वेगळ्याच खटपटीत होत्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दुखतंय की बरं वाटतंय, हे बाळ सांगू शकत नाही. बाईंनी शेकडो बाळांचे श्वास, ठोके आणि कातडीखालचं रक्त तपासलं आणि त्यांना एक खूण सापडली. बरं वाटत असलं की शरीराला तिथून हलायचं नसतं. श्वास बाहेर सोडताना ते किंचित रेंगाळतं. हृदयाचे ठोके त्या रेंगाळण्याशी जुळवून घेतात आणि कानामागच्या बारीक रक्तवाहिन्या जराशा सैल होतात. या तिन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर 'हा क्षण असाच राहू दे' असं शरीर म्हणतंय, असं समजायचं. हसण्या-रडण्याशी याचा काही संबंध नाही. पोट धरून हसणारा माणूस आतून घड्याळ बघत असू शकतो, आणि ओक्साबोक्शी रडणाऱ्याला तिथून उठायचं नसू शकतं. म्हणून सोंग चालत नाही. बाईंनी हे सगळं टिकलीएवढ्या चकतीत बसवलं. ती कानामागे चिकटवायची, आणि शून्य ते शंभर असा आकडा येतो. लोक तिला कानटिकली म्हणू लागले, आणि आकड्याला सुखांक.

बाळांसाठी केलेली कानटिकली थोड्याच वर्षांत कर खात्याकडे पोचली, कारण बाळांकडे अर्थसंकल्प नसतो.

नियम आला. प्रत्येक सहलीत प्रत्येकाच्या कानामागे टिकली. सुखांक चाळिसाच्या आत राहिला तर तो कर्तव्यप्रवास: धंदा, दवाखाना, धर्मकार्य, सगळं करमुक्त. वर गेला की चैन, आणि चैनीवर असा कर की माणूस चैन करताना दोनदा विचार करे आणि विचार करता करता सुखांक आपोआप उतरे. त्यात आणखी एक जुना नियम होता. फराळाच्या डब्यात एक जिन्नस जास्त कराचा असला की अख्ख्या डब्याला तोच कर लागतो. खात्याने हा डब्याचा नियम बसला लावला. एक प्रवासी सुखी, तर बस सुखी.

सहलींच्या धंद्यातली माणसं हुशार. विक्रेत्यांना गोव्याला न्यायचं, पण भर दुपारी वाळूवर बसवून खपाचे तक्ते दाखवायचे. आकडा तिशीच्या वर जात नसे. दिनूकाकांनी त्याहून पुढचं पाहिलं. लोकांना फिरणं परवडेनासं झालं होतं, पण मरणं थांबलं नव्हतं. त्यांनी शोकवर्ग काढला. शोकवर्गाच्या बसमध्ये आचाऱ्याला मीठ बेताने घालायची ताकीद होती. गाण्याच्या भेंड्यांना बंदी होती. सहलप्रमुखाने विनोद केला तर पगार कापत. दोन वर्षं ही बस कंपनीला पोसत होती.

आणि तिच्यात उन्मेषने आपल्या आईला बसवलं होतं, तेही फुकट.

पंधरा प्रवाशांमागे एक सीट मोफत, ही या व्यवसायातली जुनी रीत. त्या बसमध्ये ती सीट रिकामी चालली होती. उन्मेषचे बाबा जाऊन पाच महिने झाले होते, अस्थी स्मशानभूमीच्या लॉकरमध्ये होत्या आणि लॉकरला महिन्याचं भाडं होतं. रिकामी सीट आणि चालू भाडं या दोन गोष्टी हिशेबनिसाला एकत्र बघवत नाहीत. फुकट सीटवरचा प्रवासीही मोजणीत धरतात, हे त्याला माहीत होतं. आईला दुःख झालेलं आहे की नाही, हे तपासायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. ते त्याने गृहीत धरलं होतं.

सहलप्रमुख सलीलला बोलावण्यात आलं. तो बिचारा हादरला होता. "काकू घाटावरून उठेचनात, सर. नुसत्या पाण्याकडे बघत बसल्या. आम्हाला वाटलं, फार लागलंय त्यांना. त्यांना बघून अख्खी बस रडली. बाकीच्यांचे आकडे बघा, पाचाच्या आत आलेत सगळे. काकूंमुळेच!"

"छान," दिनूकाका म्हणाले. "तिने पंधरा माणसांचं दुःखही स्वतःकडेच ठेवायला हवं होतं."

उन्मेष घरी आला तेव्हा आई, जयमालाबाई, स्वयंपाकघरात मटार सोलत होती. पाच महिन्यांत ती थोडी जाड झाली होती. उन्मेषने त्याचाही अर्थ दुःख असाच लावला होता.

"आई, घाटावर काय झालं होतं तुला?"

"मला? काही नाही. बसले होते."

"किती वेळ?"

"उठेपर्यंत."

"काय बघत होतीस?"

"नदी."

"नदीत काय होतं?"

"पाणी," आई म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने हातातली शेंग खाली ठेवली. "काय झालंय रे?"

त्याने सांगितलं. त्र्याऐंशी आकडा ऐकून ती आधी दचकली, मग लाजली. साठी उलटलेली बाई लाजते तेव्हा घरातल्या माणसाने दुसरीकडे बघावं. उन्मेषने मटारांकडे बघितलं.

"तुझे बाबा वाईट नव्हते," आई म्हणाली. "हात कधी उगारला नाही, दारूचा थेंब नाही. फिरवलंसुद्धा मला खूप. ताजमहालासमोर उभं केलं. म्हणाले, 'बघितलास? चल आता.' म्हैसूरचा राजवाडा, 'चल आता.' कन्याकुमारीला पहाटे नेलं. सूर्य अर्धा वर आला होता. म्हणाले, 'बाकीचा अर्धा तसाच असतो, चल.' गाडी चुकेल म्हणून त्यांना आयुष्यभर घाई. एकही गाडी चुकली नाही आमची. पण एकही गोष्ट माझी बघून झाली नाही."

"मग घाटावर?"

"घाटावर मी वाट बघत बसले, आता कोण म्हणतंय चल म्हणून. कुणीच म्हणेना. मग लक्षात आलं, म्हणणाऱ्याला तर मी आत्ताच पाण्यात सोडलंय." ती हसली, लगेच तोंडावर पदर धरला. "मेलं, हसू नये असं. पण मनासारखं बघून झालं हो. पहिल्यांदा."

मग ती उठली, देव्हाऱ्यामागून फोन घेऊन आली आणि शाळेतल्या मुलीने प्रगतिपुस्तक दाखवावं तसा पुढे केला. मिरजेच्या शाखेत जाऊन तिने बिनघोर टूर्सचीच कन्याकुमारीची सहल ठरवली होती. चैनवर्ग, खिडकीची सीट, वरचा कर धरून. पैसे भिशीचे. "तुला सांगणार होते. उरलेला अर्धा बघून येते."

दुसऱ्या दिवशी दिनूकाकांनी दार लावून घेतलं. "एकच वाट आहे. पुनर्मापन. प्रवाशाला अधिकाऱ्यासमोर बसवतात, त्या वेळचं चित्रण दाखवतात. आकडा खाली राहिला तर पहिला आकडा यंत्राचा दोष धरतात. नाही राहिला, तर शोकवर्गाचा परवाना गेला, आणि दोन वर्षांच्या सगळ्या बसचे हिशेब पुन्हा उघडतात. मग ही खोली रिकामी करायची, उन्मेष. तू, मी, सलील, तो मीठ न घालणारा आचारी, सगळे."

"पण काका, ती सुखीच आहे."

"मग जरा दुःखी कर."

"कसं करू?"

"मुलगा आहेस तू तिचा," दिनूकाका म्हणाले. "हे मी शिकवायचं का?"

आईला मात्र फारसं समजवावं लागलं नाही. "तुझी नोकरी जाईल?" तिने विचारलं. "मग येते ना. रडते मी तिथे."

"रडून उपयोग नाही. ते रडणं मोजत नाही."

"मग काय करू?"

"खरंच वाईट वाटून घ्यायचं."

"बरं," आई म्हणाली. चहात साखर कमी घाल म्हटल्यावर म्हणायची, तसंच. "बघते जमतंय का."

कर खात्याच्या कार्यालयात पुनर्मापनाची खोली दवाखान्यासारखी होती. निरीक्षक भोकरेबाई चांगल्या होत्या. त्यांनी काकूंना पंख्याखाली बसवलं, टिकली हलक्या हाताने लावली आणि म्हणाल्या, "चहा नंतर देते हं. आधी दिला की आकडा वाढतो."

भिंतीवर घाट उमटला. सकाळचं ऊन, नावा, पायरीवर बसलेली जयमालाबाई. खुर्चीतल्या जयमालाबाईंनी मन लावून प्रयत्न केला. ओठ चावले, नवऱ्याचं नाव पुटपुटल्या, आणि थोड्या वेळाने खरोखरच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भोकरेबाईंनी कौतुकाने मान हलवली.

"फार सुंदर रडताय, काकू," त्या म्हणाल्या. "पण आकडा चौऱ्याहत्तर आहे."

"मग काय करू हो? ती नदीच तशी आहे."

"जरा बाहेर जाऊन या. पाणी प्या. अजून एक संधी आहे."

बाहेरच्या बोळात फायलींचे गठ्ठे आणि एक बाक होता. आई बाकावर बसली आणि अपराधी चेहऱ्याने त्याच्याकडे बघू लागली. "अरे, मी तो कलश घेतलेला आठवते, तुझे बाबा दवाखान्यात होते ते आठवते, आणि तेवढ्यात पाणी दिसतं. मग सगळं—" तिने हाताने काहीतरी वाहून जाताना दाखवलं. तिचा चेहरा पुन्हा उजळायला लागला.

उन्मेषने काही ठरवलं नव्हतं. निदान नंतर तो स्वतःला तसं सांगत असे. तोंड उघडलं आणि वाक्य तयार होतं.

"बस झालं आता," तो म्हणाला. "कन्याकुमारी रद्द केलीय मी. या वयात एकटीने भटकायची काही गरज नाही. काय राहिलंय तिथे बघायचं? सगळीकडे तेच असतं. हे आटप आणि घरी चल."

आई बघत राहिली. मग तिने पदर नीट केला, उठली आणि आत जाऊन खुर्चीत बसली.

घाट पुन्हा उमटला. तेच ऊन, त्याच नावा. आकडा सहावर होता आणि हलत नव्हता. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"झालं की!" भोकरेबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "एवढा उतार आला की कारण नोंदवावं लागतं. काय लिहू?"

"पुढची सहल रद्द झाल्याचं कळलं तिला," उन्मेष म्हणाला. मग घाईने, "पण ते दुःख काशीचं धरतात का?"

"दुःख कशाचं असावं, असा नियम नाही. असलं म्हणजे झालं." त्यांनी शिक्का उचलला आणि हवेतच थांबवला. "फक्त रद्द केल्याची पावती जोडा, कार्यालय बंद व्हायच्या आत. नाहीतर हा उतार खोटं सांगून आणला, असं धरतात. मग फौजदारी होते. तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला काय सांगायचं. नोंदीला पुरावा हवा."

आवारात एक चहाची टपरी होती. उन्मेषने दोन चहा घेतले. आईने कप हातात धरला, प्यायली नाही.

"आई, ऐक ना," तो म्हणाला. "एक अडचण झालीय."

"रद्द केलेली नाहीस तू."

"तुला कसं कळलं?"

"रद्द करायला ओटीपी लागतो. मिरजेच्या मुलीने सांगितलं होतं, काकू, तुमच्या फोनवर येईल, कुणाला देऊ नका. तो आलाच नव्हता."

"म्हणजे आत बसलीस तेव्हा तुला माहीत होतं, की मी खोटं बोललो?"

"हो."

"सहल आहे, हे माहीत होतं?"

"हो, म्हटलं ना."

"मग आकडा कसा उतरला?"

आईने चहावरची साय बोटाने बाजूला केली. "हुबेहूब तोच आवाज रे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी सोडून आले तो."

टपरीवाल्याने रेडिओचा आवाज वाढवला. खात्याची माणसं जेवायला बाहेर पडत होती. उन्मेषने बराच वेळ हातातल्या फोनकडे बघितलं. कार्यालय बंद होईपर्यंत बक्कळ वेळ होता; विचार करायला, दुसरी वाट शोधायला, भोकरेबाईंपुढे जाऊन खरं सांगायलाही. त्याच्या लक्षात हेही आलं, की आई त्याला तेवढा वेळ देते आहे.

त्याने कंपनीचं पान उघडलं आणि 'रद्द करा'वर बोट ठेवलं.

आईच्या हातातला फोन वाजला. तिने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला आणि एकेक आकडा स्पष्ट वाचला. लहानपणी ती त्याला शुद्धलेखन घालायची, तशी. तो टिपत गेला. शेवटच्या आकड्यानंतर ती थांबली आणि म्हणाली, "परत वाचू?"

"नको."

रद्द करण्याचं शुल्क कापलं गेलं. त्या शुल्कावर कर असतो, तोही कापला गेला. पावती चैनवर्गाची होती, म्हणून कर वरच्या दराने लागला.

शोकवर्ग वाचला. दिनूकाकांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि उन्मेषला दार लावून आत घेतलं. "एका वाक्यात चौऱ्याहत्तरवरून सहा! काय म्हणालास तिला? लिहून दे. सलीलला पाठ करायला लावतो. कुणी वर जायला लागला की म्हणून टाकायचं."

"ते तसं चालत नाही, काका," उन्मेष म्हणाला. "प्रत्येकाचं वाक्य वेगळं असतं. ते घरच्यांनाच ठाऊक असतं."

त्याला वाटलं होतं, एवढ्यावर विषय संपेल. दिनूकाका खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते चाळिसाच्या फार वर असणार.

"मग घरच्यांनाच विचारू," ते म्हणाले. "बुकिंगच्या वेळीच. जेवण शाकाहारी की जैन, साखरेचा त्रास आहे का, आणि त्याच्या खाली एक रकाना. मुलाला नाहीतर सुनेला फोन लावायचा. तूच लाव. तुझा हात बसलाय."

पुढच्या बसची यादी आली. आई घरी होती, मटारांचे दिवस संपले होते. हल्ली कुठे जायला हवंय का, असं त्याने विचारलं की ती नाही म्हणायची, आणि विचारल्याबद्दल आभार मानायची.

यादीत पहिलं नाव जतच्या एका आजींचं होतं. यजमानांच्या अस्थी घेऊन निघाल्या होत्या. उन्मेषने त्यांच्या मुलाला फोन लावला. हा माणूस आपल्याला आईवरून शिव्या घालणार, अशी त्याची खात्री होती. तशी आशाही होती. एक चांगली शिवी बसली असती, तर त्याने दिनूकाकांना सांगितलं असतं, हे जमणार नाही.

त्याने नियम सांगितला, कानटिकली सांगितली, डब्याचा नियम सांगितला. मग विचारलं, "तर अशा वेळी... तुमच्या आईंना अगदी आतून लागेल, असं एखादं वाक्य आहे का?"

पलीकडे क्षणभरही शांतता झाली नाही.

"एकच सांगायचंय," मुलाने विचारलं, "की तीन-चार चालतील?"

उन्मेषने रकाना वाढवून घेतला.